चिमटाबाईचा किनारा

शिकायला नवी तुकडी आली की मास्तर आधी सगळ्यांना वाळूत अर्धगोल करून बसवायचे. वारा कुठून येतो, पतंग कसा धरायचा, फळीवर उभं राहायचं म्हणजे काय, हे हसतखेळत सांगून झालं की व्हॅनकडे तोंड करून हाक मारायचे, "अगं, ये जरा. दाखव."

व्हॅनच्या मागच्या दारात त्यांची बायको फाटका पतंग मांडीवर घेऊन शिवत बसलेली असायची. हे पतंग म्हणजे पोरांचे कागदी नव्हेत. चार माणसं सावलीत झोपतील एवढे मोठे, कापडाचे, पुढच्या कडेला हवा भरलेली जाड नळी. वाऱ्याने पतंग ओढायचा, पतंगाने माणूस ओढायचा आणि माणसाने पायाखालच्या फळीवरून समुद्र कापत जायचं, असा तो खेळ. बायको सुई कापडात खोचून उठायची, येऊन सगळ्यांसमोर उभी राहायची आणि उजवा पंजा वर धरायची. पंजा म्हणजे एक अंगठा आणि एक करंगळी. मधली तिन्ही बोटं मुळासकट गेलेली.

"ही माझी बायको," मास्तर सांगायचे. "माझ्यासारखीच तयार होती. पण एकदा दोऱ्यांचा गुंता सोडवताना शहाणपणा केला. दोरी हाताला गुंडाळून घेतली. पतंगाने दिला झटका आणि बोटं पडली वाळूत. शोध शोध शोधली. एकच सापडलं, तेही कुत्र्याच्या तोंडात."

कुत्र्याचं खोटं होतं, पण त्या वाक्याला हमखास हशा यायचा म्हणून मास्तरांनी ते घातलं होतं.

"तर मंडळी, ताणाखालच्या दोरीला हात लावायचा नाही. नाहीतर पंजाचा असा चिमटा होतो. कळलं?"

मंडळींना कळायचं. कुणी जवळ येऊन बघायचं, कुणी विचारायचं, फोटो काढला तर चालेल का. ती हात वर धरून उभी राहायची आणि मास्तर "बस्स" म्हणाले की सुईकडे परत जायची. गावात तिचं नावच चिमटाबाई पडलं. दूधवाला, धोबी, शेजारची पोरं, सगळे त्याच नावाने हाका मारायचे आणि ती ओ द्यायची.

मास्तरांची भेट झाली तेव्हा ती तंबू शिवायच्या कारखान्यात होती. मास्तर तेव्हा मास्तर नव्हते. उन्हाने रापलेला एक उनाड तरुण, काखेत फाटका पतंग घेऊन शिंप्यांच्या दारोदार हिंडत होता. सगळ्यांनी हात वर केले. हिने तो पतंग जमिनीवर पसरला, फाटलेल्या कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "उद्या या."

दुसऱ्या दिवशी त्याने कापड उजेडात धरून पाहिलं. "शिवण दिसतच नाही!"

"दिसली तर ती शिवण कसली? ते ठिगळ."

त्या एका वाक्यावर तो भाळला असं तो पुढे कित्येक वर्षं सांगायचा. लग्न झालं आणि एक जुनी व्हॅन घेऊन दोघं किनारे शोधत हिंडायला लागली. डांबरी रस्ता संपला की पुढे बैलगाडीची चाकोरी, ती संपली की पायवाट, ती संपली की नुसतंच काटेरी रान आणि पलीकडून येणारा आवाज. वाटेत भेटेल त्याला मास्तर विचारायचे, "इथे लाट कुठे फुटते हो?" एकदा एका मेंढपाळाने त्यांच्याकडे आपादमस्तक बघून उत्तर दिलं, "समुद्रात." त्या उत्तरावर ती दोघं दिवसभर हसत होती.

ती त्याच्याकडूनच शिकली आणि बघता बघता त्याच्या पुढे गेली. अंगाने हलकी आणि स्वभावाने थंड; वाऱ्याशी झोंबायची नाही, तो देईल तेवढंच घ्यायची. एका अनोळखी किनाऱ्यावर तिने पाण्यावरून अशी झेप घेतली की जाळी वाळवणारे लोक उठून उभे राहिले. त्यांतल्या एका म्हाताऱ्याने भाबडेपणाने मास्तरांना विचारलं, "तुम्ही यांचे ड्रायव्हर का हो?"

मास्तर हसले. पण त्या संध्याकाळी ते तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत.

त्यानंतरच्याच मोसमातली गोष्ट. रांगती पोर सासूकडे ठेवून दोघं एका नव्या किनाऱ्यावर पोचली तेव्हा वारा पडायला आला होता. पतंग वाळूचं वजन टाकून आडवा ठेवलेला होता आणि दोऱ्यांचा गुंता झाला होता. ती मध्ये बसून बोटांनी एकेक पीळ सोडवत होती. तिथे कुणीच पतंग उडवला नव्हता, आणि पहिलं आपणच उडवायचं याची मास्तरांना घाई झाली होती. त्यांनी पतंगावरची वाळू झाडली. ती ओरडली, "थांबा! अजून हातात आहे!" मास्तरांनी ऐकलं की नाही, देव जाणे. त्यांनी पतंग उचलला. वाऱ्याचा शेवटचा झोत नेमका तेव्हाच आला.

दवाखान्यात मास्तर तिच्या उशाशी बसून लहान मुलासारखे रडले. मग डोळे पुसून म्हणाले, "शाळेचा परवाना आत्ताच हातात आलाय. ज्याने बायकोची बोटं तोडली त्याच्याकडे शिकायला कोण येणार? पोर अजून रांगतेय. चूक तुझ्याकडून झाली असं सांग. बोटं तर गेलीच, निदान पोट तरी वाचू दे."

औषधाच्या गुंगीत ती "बरं" म्हणाली. तिला वाटलं, चौकशीला येणाऱ्या माणसापुरतं सांगायचंय. पण खोटं एकदा घरात शिरलं की पाहुण्यासारखं दोन दिवसांनी उठून जात नाही. ते जावयासारखं पाय पसरून बसतं. आधी चौकशीवाल्याला सांगितलं, मग सासूला, मग शेजारी, आणि मग ते वाळूतल्या अर्धगोलापर्यंत पोचलं. पाच-सहा मोसम गेल्यावर मास्तर ते इतक्या मनापासून सांगायला लागले की ऐकताना कधी कधी तिलाच वाटायचं, खरंच गुंडाळली होती की काय आपण दोरी?

मूठच वळेना तर पतंग वळवायचा दांडा धरता येईना. तिने एकदा विचारून पाहिलं, "नुसत्या लाटेवर जाऊ का मी? त्याला पतंग लागत नाही. फळीवर पालथं पडून हातांनी पाणी मारलं की झालं."

शाळेतली सगळी माणसं जेवायला बसली होती. मास्तर घास गिळून म्हणाले, "चिमट्याने कधी पाणी कापतं होय? एक हात खरा, एक खोटा. गोल गोल फिरशील भोवऱ्यासारखी. आम्हाला बघायला मजा येईल म्हणा."

सगळे खो खो हसले. लेकही हसली. ती तेव्हा बाबांच्या खांद्यावर बसण्याएवढी होती, तिला काय कळत होतं? पण हसली. आईने पुन्हा तो विषय काढला नाही.

लेक वाढली ती बापाच्या सावलीत आणि समुद्राच्या पाण्यात. चालण्याआधी पोहायला शिकली असं म्हणत. मास्तरांच्या मागे मागे नवे किनारे धुंडाळत हिंडायची, आणि आई व्हॅन चालवायची, डबे भरायची, शिवायची, पतंग धरून उभी राहायची. मैत्रिणी घरी यायच्या असल्या की लेक म्हणायची, "आई, तू आतच बस ना. जेवताना त्यांना कसंतरी होतं." ती आत बसायची. कधी आईने सांगितलं की आज वारा बरा दिसत नाही, सांभाळून जा, तर लेक खांदे उडवायची. "मी तुझ्यासारखी वेंधळी नाहीये."

तेव्हा जिभेच्या टोकावर यायचं. पण ती गप्प राहायची. तिचा हिशेब साधा होता. खरं सांगितलं तर पोरीचा बाप जाईल. आई तर तशीही गेलेलीच आहे. निदान दोघांतलं एक तरी राहू दे.

लेक विशीत आली आणि पतंग बनवणाऱ्या एका कंपनीने तिला कोरा करकरीत पतंग पाठवला. कुणी न पाहिलेल्या किनाऱ्यावर तिने तो उडवायचा, कंपनीचा माणूस चित्रण करणार. मास्तरांना आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी जागा हेरून ठेवलीच होती. दोन उंच कडे, मधे खिंड, खिंडीच्या तोंडाशी वाळूचा पट्टा आणि पुढे उघडा समुद्र. शाळेतली चार-पाच हौशी माणसंही बरोबर निघाली. त्यांत एक दातांचे डॉक्टर होते, ते मास्तरांचे फार लाडके.

व्हॅनमधून उतरल्या उतरल्या तिने मूठभर वाळू उचलून सोडली. वाळू समुद्राकडे उडाली. वारा खिंडीतून येत होता, म्हणजे जमिनीकडून पाण्याकडे. अशा वाऱ्यात काही बिघडलं तर तो माणसाला किनाऱ्याला आणून टाकत नाही, आत ओढून नेतो. मदतीला ना नाव, ना कोळी, ना कुणी.

"आज नको," ती म्हणाली. "वारा पाठीमागून आहे, आणि धक्के देतोय."

"तू वाऱ्याबद्दल सांगणार?" मास्तर म्हणाले. "तुला साधी दोरी कळली नाही."

डॉक्टर हसले. कॅमेरावाला उजेड जातोय म्हणून चुळबुळ करत होता. आणि का कोण जाणे, इतकी वर्षं गिळलेलं ते त्या क्षणी तिच्या तोंडून बाहेर पडलं.

"मी दोरी गुंडाळली नव्हती. तुम्ही पतंग उचललात. मी थांबा म्हणून ओरडले होते."

  मास्तरांचा चेहरा क्षणभर पांढरा पडला. पण त्यांना माणसांसमोर बोलायची सवय होती. त्यांनी मान हलवली, उसासा टाकला आणि हलक्या आवाजात म्हणाले, "बघा. इतकी वर्षं झाली, पण बिचारीचं मन अजून मानत नाही."

डॉक्टरांनी समजूतदारपणे मान डोलावली. "होतं असं. धक्का बसतो ना मनाला."

"आई," लेक दात आवळून म्हणाली, "आज तरी नाटक नको गं. पतंग धर."

तिने पतंग धरला. इतरांना तो नीट धरता यायचा नाही, हे काम कायम तिचंच होतं. लेक दोऱ्यांच्या दुसऱ्या टोकाला पाण्याच्या कडेशी जाऊन उभी राहिली, कमरेच्या पट्ट्यात कडी अडकवली आणि तिने अंगठा वर केला. अंगठा म्हणजे सोड. पतंग आईच्या हातात दावणीला बांधलेल्या खोंडासारखा हिसके देत होता. एक हिसका असा आला की पलीकडे लेकीचे पाय वाळूवरून सरकले. लेकीने अंगठा आणखी जोरात हलवला.

आईने खिशातून शिवण उसवायची आकडी काढली आणि पुढच्या हवेच्या नळीत खुपसली. फुस्स करून हवा गेली. पतंगाचं पातं वाळूवर लोळलं. झालं होतं, एवढ्यावर थांबता आलं असतं. पण तिचा हात थांबला नाही. ती गुडघ्यांवर बसली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत कोरं कापड टरटरा फाडत गेली. पहिला काप लेकीसाठी होता. बाकीचे कुणासाठी होते ते तिचं तिला ठाऊक, आणि फाडताना तिला बरं वाटत होतं हेही तिला ठाऊक.

लेक धावत आली. आधी तिने पतंगाकडे पाहिलं, मग आईकडे. "तुझी बोटं गेली म्हणून माझे हातपाय बांधणार का तू? जळतेस माझ्यावर! पहिल्यापासून जळतेस!"

 मास्तरांनी व्हॅनच्या टपावरून स्वतःचा जुना पतंग काढला, त्यात हवा भरली, डॉक्टरांना धरायला सांगितला आणि सगळ्यांदेखत ते पाण्यात शिरले.

ती बघत उभी राहिली. मास्तर कड्याच्या आडोशातून बाहेर पडले, वाऱ्याने त्यांना खेचलं, ते दूर दूर गेले, ठिपक्याएवढे झाले. आणि तिच्या लक्षात आलं, आपण मनात म्हणतोय: ने. ओढून ने. आणूच नकोस परत.

वाऱ्याने त्यांच्या केसालाही धक्का लावला नाही. मास्तर आरामात वळले, वाऱ्याला तिरकं कापत, लाटांवरून उड्या घेत परत आले आणि नेमके तिच्या पुढ्यात येऊन थांबले. पाणी तिच्या अंगावर उडालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या माणसाने पुढे कुठेही, कधीही तिच्या बाजूने साक्ष दिली नसती. समुद्रानेही दिली नाही. लेक उडाली असती तर काय झालं असतं हे आता कुणालाच कळणार नव्हतं. सगळ्यांच्या डोळ्यांना दिसलं ते एवढंच की वारा चांगला होता आणि बाईचं डोकं फिरलं होतं.

निघताना लेक व्हॅनच्या दारात आडवी उभी राहिली. "गाडीत जागा नाहीये."

जागा होती. डॉक्टरांनी खिडकीतून पाण्याची बाटली पुढे केली. "ताई, ही राहू दे तुमच्याकडे," असं म्हणाले आणि काच वर केली.

ती पायवाटेने रस्त्यापर्यंत चालत आली. मिठाच्या एका ट्रकने तिला घेतलं. ड्रायव्हरने हाताकडे पाहून विचारलं, "मशीनमध्ये गेली का?"

"नवऱ्याने तोडली," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा परक्या माणसासमोर म्हणाली.

ड्रायव्हर खदखदून हसला. "विनोद झकास करता हो वहिनी!"

ती मग भावाकडे राहायला गेली, मास्तरांच्या किनाऱ्यापासून चांगलीच लांब असलेल्या शहरात. भाऊ भला होता, म्हणजे घरात फारसा नसायचा. वहिनी म्हणाली, "राहा की वन्सं, घर तुमचंच आहे. फक्त माझ्याकडे कुणी आलं की हात जरा खिशात ठेवत जा." तिला ट्रकांच्या ताडपत्र्या शिवायच्या कारखान्यात काम मिळालं. मालकाने आधी हाताकडे पाहून मान हलवली होती, पण तिने अंगठा आणि करंगळीत जाड कापड पकडून मशीनखालून असं सरळ सारलं की तो म्हणाला, "उद्यापासून ये." तिथेही तिचं नाव चिमटाबाईच पडलं. कुणी सांगितलं नव्हतं, त्यांचं त्यांना सुचलं.

सुट्टीच्या दिवशी घरात बसलं की वहिनीचे उसासे ऐकू यायचे. म्हणून ती बसमध्ये बसायची आणि शेवटच्या थांब्यापर्यंत जायची. एकदा शेवटच्या थांब्यापुढे चालत गेली. झुडपं, मग खडक, मग अचानक खाली एक छोटासा किनारा, नखाच्या कोरीएवढा. डाव्या अंगाला समुद्रात घुसलेली दगडी सोंड, आणि त्या सोंडेवरून लाट अशी शिस्तीत उलगडत येत होती की जणू कुणी गालिचा सोडतंय. तिथे माणसाचं पाऊल नव्हतं. ती तिन्हीसांजेपर्यंत नुसती बसून राहिली.

कारखान्यात गाद्यांच्या जाड फोमचे तुकडे पडलेले असायचे. तिने ते चिकटवले, वर ताडपत्रीचं अस्तर शिवलं आणि एक बोजड, हिरवी, विद्रूप फळी तयार केली. पहिल्या दिवशी ती त्यावर पालथी पडली, दोन्ही हातांनी पाणी मारलं आणि जागच्या जागी गोल फिरली. पुन्हा मारलं, पुन्हा फिरली. अगदी भोवऱ्यासारखी. मास्तर खोटं बोलले नव्हते! ती पाण्यातच इतकी हसली की नाकातोंडात खारट गेलं.

मग तिने बदकाच्या पायासारखा एक हातमोजा शिवला. अंगठा आणि करंगळीच्या मधे घट्ट कापडाचा पडदा. तो चढवल्यावर उजवा हात डाव्याहून जास्त पाणी मारायला लागला आणि फळी उलट्या बाजूला फिरली. पडदा उसवून लहान केला. असं करत करत एके दिवशी फळी सरळ गेली. मग गुडघ्यांवर, मग कुबड्यासारखी वाकून, मग उभी. सोंडेपलीकडे शिंपले वेचायला येणाऱ्या दोन बाया दुरून ओरडायच्या, "अगं, वय बघ! हाडं गोळा करायला आम्हाला बोलवू नकोस!" खडकावर आपटून तिची बरगडी एकदा मोडली. तिने वहिनीला सांगितलं, जिन्यावरून पडले. वहिनी म्हणाली, "आता डोळेही गेले का?"

त्या किनाऱ्याबद्दल ती कुणाशी बोलली नाही.

एक दिवस दुपारच्या सुट्टीत कारखान्याच्या फाटकाशी लेक उभी दिसली. केस कापलेले, चेहरा ओढलेला. आईला पाहून तिने तोंड उघडलं आणि एकदम रडायलाच लागली.

"बाबांनी सांगितलं," ती हुंदके देत म्हणाली. "मला नाही. त्या कॅमेरावाल्याला. खुशीत होते. म्हणाले, खरं सांगू का, तेव्हा घाई मीच केली होती, पण आता इतक्या वर्षांनी काय फरक पडतो. आणि हसले. आई, ते हसले गं. मी तिथेच बसले होते."

 या घटकेची आईने किती वाट पाहिली होती! मनातल्या मनात किती भाषणं तयार होती! आणि तोंडून निघालं काय, तर, "जेवलीस का?"

दोघींनी एका डब्यात खाल्लं. लेकीला खिंडीतला तो दिवस आठवला, व्हॅनच्या दारात आडवी उभी राहिलेली ती स्वतः आठवली आणि ती पुन्हा रडली. आईने तिचे डोळे पुसले, त्याच हाताने.

पुढच्या सुट्टीला ती लेकीला आपल्या किनाऱ्यावर घेऊन गेली. लेकीने ती हिरवी फळी पाहिली आणि आधी हसू दाबलं. पण आई लाटेवर उभी राहून सोंडेपासून वाळूपर्यंत आली तेव्हा ती पाण्यात उभी राहून शिट्ट्या मारायला लागली. "आई! आई, तू वेडी आहेस!" दिवसभर दोघी आळीपाळीने एकाच फळीवर पडल्या, धडपडल्या, पाणी प्यायल्या. थकून वाळूत लोळताना लेकीने तो बदकाचा हातमोजा स्वतःच्या हातात चढवून बघितला, मग काढला, आणि आईचा उघडा हात हातात धरून पडून राहिली. जन्माला आल्यापासून तिने तो हात असा कधी धरला नव्हता.

"ही जागा आणखी कुणाला माहितेय?"

"तुला."

"परत ये ना घरी."

"नाही गं."

"बरं," लेक म्हणाली आणि डोळे मिटून पडली. आईला वाटलं, देवाने आता आपल्याला उचललं तरी तक्रार नाही.

त्यानंतरच्या सुट्टीला मोठं काम आलं म्हणून मालकाने कुणाला सोडलं नाही. पुढच्या सुट्टीला ती फळी काखेत मारून शेवटच्या थांब्यावर उतरली, झुडपांतून गेली, तर झुडपं तोडून गाडीवाट केलेली. खाली वाळूत शाळेची व्हॅन उभी होती. रंगीत झेंडे रोवलेले, फळ्यांची चवड, आणि आभाळात पाच-सहा पतंग. तिच्या लाटेवर अनोळखी माणसं एकमेकांवर आदळत होती.

मास्तर हात पसरून सामोरे आले. "ये ये! तुझीच वाट बघत होतो. डोळा आहे हं तुला, मी नेहमी म्हणायचो. आम्ही आयुष्यभर हिंडलो आणि असा किनारा मिळाला नाही. अगं, बस, चहा घे."

ती त्यांच्याकडे न बघता पाण्याच्या कडेला गेली. लेक फळी घेऊन बाहेर येत होती. आईला पाहून जरा थबकली, मग केस मागे सारत म्हणाली, "आई, रागावू नकोस हं. एवढी सुंदर जागा एकटीने दडवून ठेवायची असते का?"

"कारखान्यात आलीस तेव्हा रडलीस, ते खरं होतं?"

"खरंच होतं गं!" लेकीच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. "आणि हेही खरं आहे. जुन्या किनाऱ्यावर आता कुणी येत नाही. बाबा कसेही असले तरी शाळा मला चालवायचीये. तू दुरुस्तीला आलीस तर किती बरं होईल. तुझ्यासारखी शिवण कुणाची नाही. फाटलेले पतंग तसेच पडून आहेत सगळे."

आईला वाटलं होतं, आपण किंचाळू, निदान आकडी तरी खिशातून काढू. तसं काही झालं नाही. तिने फळी डोक्यावर घेतली आणि दगडी सोंडेवर चढून पलीकडे चालू पडली. मागून मास्तर कुणाला तरी म्हणत होते, "जाऊ दे. येईल भूक लागली की."

सोंडेपलीकडचा किनारा नुसत्या गोट्यांचा निघाला, तिथे लाट उभीच राहत नव्हती. त्याच्यापुढचा चिखलाचा. त्याच्यापुढे कडा थेट पाण्यात उतरला होता. ती परत फिरली, झुडपांच्या वरच्या अंगाने, कुणाला दिसणार नाही अशी. पुढच्या सुट्टीपासून तिने दुसऱ्या दिशेची बस धरली. अजून तिला तशी लाट मिळालेली नाही. शेवटच्या थांब्यावरचे कंडक्टर त्या हिरव्या फळीला हसतात आणि तिकीट मात्र पूर्ण दोघांचं फाडतात.

लेक त्यानंतर एकदा कारखान्यात आली होती. काखेत कसलंतरी गुंडाळलेलं कापड होतं, असं मालक म्हणाला. "बाहेर तुझी पोर आलीये. काय सांगू?"

"नाहीये म्हणून सांगा."

"अगं, मशीनचा आवाज जातोय बाहेर. तिला कळेल ना, तू आहेस म्हणून."

"कळू दे," चिमटाबाई म्हणाली, आणि तिने मशीनच्या पायट्यावरचा पाय उचलला नाही.